असल उत्तरचा पॅटन (१:३५) : चिखल, ऊस आणि वेदरिंगवर चर्चा

संगमावरचा (हरिपूर, सांगली)

नमस्कार मंडळी. मॉडेलच्या जुन्या धाग्यावर विषय फारच फाटे फोडत चालला होता, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

हातात घेतलंय ते असं : सप्टेंबर १९६५चं भारत-पाक युद्ध, पंजाबातल्या खेमकरणजवळचं असल उत्तर, चिखलात रुतून सोडून दिलेला पाकिस्तानचा पॅटन (अमेरिकन बनावटीचा रणगाडा) आणि मागे उसाचा फड. स्केल १:३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं.

लढाई बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात. ८ ते १० सप्टेंबर. खेमकरणहून मागे आलेल्या आपल्या ४ माउंटन डिव्हिजनने असल उत्तरला घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे बांधले. रणगाडे तिन्ही जातींचे होते : डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे शर्मन, ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन आणि ८ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-१३. आजूबाजूला ऊस उभा होता, त्यात ते दडवले. कालवे फोडून शेतांत पाणी सोडलं. पॅटन आले, रुतले आणि बाजूने मार खाल्ला. भारतीय आकड्यांप्रमाणे पाकिस्तानचे ९७ रणगाडे तिथे गेले, त्यात बहुतांश पॅटन. पकडलेले रणगाडे भिखीविंडला ओळीने उभे केले, त्या जागेला पॅटन नगर म्हणायला लागले. संरक्षणमंत्री तेव्हा आपल्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण, हे आपल्या भागात वेगळं सांगायची गरज नाही.

आता मॉडेलकडे. किट एम-४७चं आहे. असल उत्तरला एम-४७ आणि एम-४८ दोन्ही होते, त्यामुळे दोन्ही चालतील. पण दुकानात ‘पॅटन’ म्हणून सर्रास मिळतो तो एम-४८ए३. तो डिझेल इंजिनाचा, व्हिएतनामवाला. तो इथे चालणार नाही. एम-४७ की एम-४८ हे ओळखायची सोपी खूण म्हणजे वरच्या बाजूचे, पट्टा तोलणारे छोटे रोलर मोजा. एम-४७ला एका बाजूला तीन, त्या काळच्या एम-४८ला पाच. शिवाय एम-४८चं पुढचं अंग नावेच्या तळासारखं गोल ओतलेलं, तर एम-४७च्या पुढच्या तिरक्या पत्र्यात मशीनगन आणि आत पाचवा माणूस.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यावरच वाद घालायला हवा. वेदरिंग (मॉडेल वापरलेलं, मळलेलं दिसावं म्हणून करायचं रंगकाम) करताना आधी तारीख आणि जमीन ठरवावी, मग ब्रश उचलावा. आपल्याकडे (आणि यूट्यूबवर तर विचारूच नका) रणगाडा म्हटला की गंज. हॅचला (वरच्या झाकणाला) गंज, बुरुजाला गंज, मडगार्डला गंज. अरे, तो रणगाडा चालता होता! दोन दिवसांपूर्वीपर्यंत त्याच्यावर क्रू होता, तेलपाणी होत होतं. जाड ओतीव पोलादावर दोन दिवसांत नारिंगी पापुद्रे येत नाहीत. या पॅटनवर मला तीनच गोष्टी दिसतात : वर पातळ धूळ, खाली ओला चिखल आणि मधे वाळत चाललेला चिखल. त्या तिघांच्या सीमा नीट जमल्या तर मॉडेल जमलं.

अडलंय दोन ठिकाणी. एक, माती कुठली वापरू? घराच्या मागेच कृष्णा-वारणेचा संगम आहे, गाळ फुकट. दोन, ऊस. १:३५ मध्ये ऊस कुणी केलाय का?

---

पाना_पक्कड

छान विषय. मी ईएमईतून (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागातून) निवृत्त, उभं आयुष्य रणगाड्यांच्या पोटाखाली गेलंय. गंजाबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त एक पुरवणी : जळालेला रणगाडा ही वेगळी गोष्ट. आग लागली की रंग करपून राखाडी-पांढरा पडतो, चाकांचं रबर जळून जातं आणि उघड्या पोलादावर खरोखर दोन-चार दिवसांत नारिंगी गंज चढतो. म्हणजे गंज हवाच असेल तर आधी रणगाडा जाळा. तुमचा रुतलेला आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

आता पट्ट्यांबद्दल. मॉडेलवाले कडांवर पेन्सिलचं शिसं घासून पट्टा चकाकवतात. सेंच्युरियनला ते शोभतं, त्याचा पट्टा सगळा ओतीव पोलादाचा. पॅटनच्या पट्ट्याला रबरी ठोकळे असले तर रबर कधी चमकत नाही, फाटतं आणि भुरकट होतं. चमकतात ते दोन कड्यांना जोडणारे टोकाचे जोड आणि मधले दात, जिथे चाक घासतं. तुमच्या किटमधला पट्टा कुठला आहे ते आधी बघा आणि शिसं फक्त तिथेच लावा.

इंधनाचे डागही असेच. टाकीच्या झाकणाभोवती काळपट तेलकट ओघळ काढायची फॅशन आहे. ते डिझेलचं. हा पॅटन पेट्रोलवर चालायचा. पेट्रोल सांडलं की धूळ धुऊन नेतं आणि उडून जातं, मागे थोडी स्वच्छ जागा राहते. म्हणजे इथे डाग काढायचा नाही, धूळ पुसायची. इंजिन ऑइलचा एखादा डाग चालेल.

---

संगमावरचा

फौजी काका, पेट्रोलचं डोक्यातच नव्हतं. डेकवरचे (मागे इंजिनावरच्या पत्र्यावरचे) ओघळ रद्द.

---

आडसाली_वाळवा

रणगाड्यातलं आपल्याला काही कळत नाही, पण उसातलं कुणी शिकवायचं काम नाही. म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, तुरा लावू नका. नेटवरचे उसाचे फोटो बघून लोक वर पांढरे तुरे काढतात. सप्टेंबरात ऊस तुऱ्यावर नसतो. तिकडची लागण वसंतातली, म्हणजे सप्टेंबरात सात-आठ महिन्यांचा उभा ऊस. माणूस आत गेला तर दिसायचा नाही एवढा नक्की.

दुसरी, आपल्या शेतातला ऊस बघून जाडी ठरवू नका. आपण आज लावतोय ती ८६०३२ जात, चांगली जाड. उत्तरेतला जुना ऊस बारीक असायचा. थंडी सोसावी म्हणून कोइमतूरला रानटी कास गवताशी संकर करून पंजाबसाठी को २०५ काढला, तो १९१८चा. नंतरच्या जातीही त्याच वळणाच्या. बोटाएवढी जाडी धरा, अंगठ्याएवढी नको.

तिसरी, सरी. आता आपण साडेचार-पाच फुटांवर सरी सोडतो. त्या काळी अडीच-तीन फूट. म्हणजे फड दाट, आत उजेड कमी. खाली सगळं वाळलेलं पाचट लोंबतंय, हिरवं फक्त वर. नवखा माणूस बुडापासून शेंड्यापर्यंत हिरवागार ऊस रंगवतो, तो मका होतो.

---

संगमावरचा

आडसाली दादा, हेच हवं होतं! तुमच्या मापांवरून हिशेब केला :

नऊ फूट ऊस म्हणजे पावणेतीन मीटर, ३५ने भागला की साधारण ७.८ सेंमी. बोटभर, म्हणजे दोन-अडीच सेंमीची कांडी ०.७ मिमी. पान सव्वा मीटर लांब, पाच सेंमी रुंद धरलं तर साडेतीन सेंमी लांब आणि दीड मिमी रुंद. सरी अडीच सेंमीवर.

मजा पुढे आहे. शर्मन साधारण तीन मीटर उंच, म्हणजे मॉडेलमध्ये साडेआठ सेंमी. उसाचा शेंडा आणि वरची पानं धरली तर जेमतेम झाकला जातो. एएमएक्स-१३ मात्र २.३ मीटरचा, म्हणजे साडेसहा सेंमी. तो फडात शिरला की संपला विषय, नळीसुद्धा दिसायची नाही. हे कागदावर वाचलं होतं, पट्टी लावल्यावर पटलं.

आता धसका घेणारा आकडा. एकरी ४० हजार ऊस धरला तर तीन फुटी सरीत मीटरला नऊ-दहा ऊस बसतात. माझा बेस २५ सेंमी रुंद, म्हणजे प्रत्यक्षातले पावणेनऊ मीटर. एका सरीत ऐंशीच्या आसपास ऊस, तीन सऱ्या, प्रत्येकाला आठ पानं. कागदाच्या १,९०० पट्ट्या कापायच्या. बायको म्हणाली, त्यापेक्षा खरा ऊस लाव.

---

शाडूवाली_पलूस

वहिनी बरोबर बोलल्या 😄

पण सगळे पूर्ण करायची गरज नाही. आमच्याकडे गणपतीच्या मखरातली झाडी करतो तेव्हा पुढची एकच ओळ पूर्ण असते. मागच्या ओळींना फक्त शेंडे, खाली काळपट तपकिरी रंगाचा पुठ्ठा. दाट फडात आत काळोखच असतो, तो फुकटात मिळतो. पुढच्या ऐंशीतले बुडाकडचे वाळलेले थर जाड दोऱ्याचे तंतू विस्कटून चिकटवा, पाचट होतं.

पानांसाठी पतंगाचा कागद घ्या. कापायच्या आधी दोन्ही बाजूंनी रंगवून वाळवा, नाहीतर कापलेली पट्टी रंगाने लिबलिबीत होते. रंगवलेला कागद जुन्या माउस पॅडवर ठेवायचा आणि ब्लेडच्या पाठीने मधोमध एक रेघ ओढायची. कागद दुमडत नाही, फक्त मधे हलकी खाच पडते आणि पान नळीदार होतं. उसाच्या पानाची मधली शीर पांढरी असते, त्या खाचेत पांढऱ्या रंगाची कोरडी ब्रश एकदा फिरवली की उठून येते. मग कापायचं, दोन्ही टोकांना निमुळतं. शेवटी पान काडीपेटीच्या काडीवरून ओढायचं, वाक आपोआप येतो. कांडीला फुलझाडूच्या काड्या घ्या, पेरं तयारच असतात.

मातीबद्दल. संगमाचा गाळ तसाच उचलून लावू नका. बारीक वाळूचा कणसुद्धा १:३५ मध्ये खडी दिसतो. आम्ही माती निवळून घेतो तसं करा : बादलीत गाळ ढवळा, थोडा वेळ थांबा, जड रेती तळाला बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. ते रात्रभर ठेवा. खाली जो थर बसतो तो लोण्यासारखा लागला पाहिजे. तो वाळवून मलमलच्या कापडातून चाळा. बेसच्या जमिनीला शाडू वापरलात तर नुसता नको, वाळताना आकसून भेगा पडतात. फेविकॉल आणि कागदाचा लगदा मिसळा.

---

भूस्तर

गाळ निवळा, चाळा, काही करा. रंग चुकणार तो चुकणारच. कृष्णेचा गाळ सह्याद्रीच्या बेसाल्टचा, काळपट. खेमकरणची माती हिमालयातून नद्यांनी आणलेली, फिकट, पिवळसर-भुरी, अभ्रकाने किंचित चमचमणारी. तुमचा पॅटन कृष्णेच्या चिखलात रुतवलात तर जाणकार म्हणेल, हा औदुंबरला अडकलाय.

विकतचे पिगमेंट (रंगाची बारीक भुकटी) घ्या की सरळ. रंगही बरोबर आणि बारीकही.

---

संगमावरचा

भूस्तर, रंगाचा मुद्दा मान्य. पण विकतच्या पिगमेंटचा चिखल करून बघितलात का कधी? पीठ लागतो. त्यात गोळे नाहीत, ढेकळं नाहीत, काडी-कचरा नाही. मी गाळ फक्त पोतासाठी घेतोय. रंग वरून.

थर असे ठरवलेत :

पहिल्यांदा निवळलेला गाळ, फेविकॉल आणि थोडं पाणी. जुन्या टूथब्रशवर घेऊन सळईने शिंतोडे उडवायचे, चाकांच्या आतल्या बाजूला जास्त, बाहेर कमी. मोठी ढेकळं पट्टा आणि चाकांच्या मधे ब्रशनेच दाबून बसवायची, कारण चिखल साठतो तो तिथे. त्यात बारीक कापलेले पतंगाच्या कागदाचे तुकडे, तुडवलेल्या उसाची पानं म्हणून.

ते कडक वाळलं की त्यावर फिकट भुरा रंग, तामिया कंपनीचा ‘बफ’ आणि थोडा ‘अर्थ’ (earth, मातकट). हा वाळलेल्या चिखलाचा रंग. मग ऑइल कलर. बर्न्ट अंबर आणि रॉ अंबर पुठ्ठ्यावर पिळून तासभर ठेवायचे, जवस तेल पुठ्ठा शोषतो आणि रंग मॅट होतो. पातळ करून खालच्या भागात मुरवायचे. म्हणजे वरून खाली फिकट, मध्यम, गडद. सगळ्यात शेवटी जिथे अजून ओलं आहे तिथेच ग्लॉस वार्निश, थोडं आणि तुटक. सगळीकडे चमक दिली की चॉकलेट ओतल्यासारखं होतं आणि आजवर पाहिलेली निम्मी चिखलाची मॉडेलं तिथेच मेली आहेत.

---

भूस्तर

हा मार्ग पटला. निदान फोटोत तरी पंजाब दिसेल. अभ्रक मात्र घालू नका. १:३५ मध्ये ते दिसू नये एवढं बारीक असायला हवं, नाहीतर रांगोळीची चमक येते.

---

काडीपेटी

मूळ रंग कुठला? नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, रणगाडा संग्रहालयात पॅटन बघितलाय. तोच रंग घ्यायचा का?

---

पाना_पक्कड

नको. प्रदर्शनातले रणगाडे उन्हापावसात उभे असतात, त्यांना दर काही वर्षांनी हाताला येईल त्या हिरव्याने रंगवतात. तिथे जाऊन फोटो जरूर काढा, पण वेल्डिंगची जाडी, ओतीव बुरुजाचा खडबडीतपणा, बोल्ट, हुक या गोष्टींसाठी. रंगासाठी नाही. हे रणगाडे अमेरिकेने मदत म्हणून दिलेले, तेव्हा ऑलिव्ह ड्रॅबवरून सुरुवात करा.

ओतीव बुरुजाचा पोत कसा करणार? इथे बहुतेक किट गुळगुळीत येतात.

---

संगमावरचा

पुट्टी थिनरमध्ये पातळ करून, जाड केसांच्या ब्रशने ठोकत लावायची. अर्धवट वाळली की बोटाने हलकं दाबायचं. जास्त झालं तर वाळल्यावर पॉलिशपेपरने मोडायचं. तिरक्या पत्र्यावर कमी, बुरुजाच्या गालांवर जास्त.

ऑलिव्ह ड्रॅब सरळ बाटलीतून मारला तर १:३५ मध्ये काळा वाटतो, त्यात बफ घालून उजळ करतोय. आणि पावसाळ्यात रंग मारणाऱ्यांना एक सांगतो : हवा दमट असेल तर लॅकर थिनरचा रंग पांढुरका पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर दव धरतं. कंप्रेसरच्या नळीत पाणी अडवणारी बाटली तरी लावाच. शाडूवाली ताई, तुमच्याकडे गणपतीच्या हंगामात काय करता?

---

शाडूवाली_पलूस

कारखान्यात दिवसभर पिवळे बल्ब. आणि पावसाची सर आली की फवारणी बंद, चहा सुरू.

---

काडीपेटी

एक शंका राहून राहून येते. उसात दडले होते ते आपले रणगाडे. पॅटन तर उघड्यावर, पाणी भरलेल्या शेतात रुतले. मग तुमच्या मॉडेलमध्ये पॅटन उसाला चिकटून कसा?

---

संगमावरचा

याच प्रश्नावर अजून बेस कापलेला नाही.

दोन पर्याय डोक्यात होते. पहिला, पॅटन फडात घुसलाय, ऊस तुडवलाय आणि मधेच रुतला. दिसायला जोरकस. पण त्यात लढाई उलटी होते. दुसरा, पॅटन पुढे ओल्या, मोकळ्या रानात, एका अंगाला कलंडलेला, हॅच उघड्या. बुरुजाचं तोंड समोर आणि ऊस त्याच्या पाठीमागच्या कडेला. म्हणजे त्याने जिकडे पाहिलं तिकडे काही नव्हतं.

दुसराच घेतोय. उसात काही दाखवायचं नाही, शर्मनची नळीसुद्धा नाही. आधी ती घालायचा मोह होता, एक सुटी नळी पडलीये घरात. पण नळी दिसली तर दडवणं कसलं.

---

आडसाली_वाळवा

हे झ्याक. फक्त उसाची पहिली सरी मोकळ्या रानाला लागून असते तिथे ऊस आत ओढल्यासारखा नसतो, बाहेर झुकलेला असतो. बाहेर उजेड असतो ना. आणि पाणी सोडलेल्या रानात कडेचे दोन-चार ऊस लोळलेले दाखवा, बूड ढिलं होतं. लोळलेला ऊस पुन्हा शेंड्याकडून वर वळतो, सरळ आडवा पडून राहत नाही. पण त्याला आठवडा लागतो, तुमच्या तारखेत बसतंय का बघा.

---

संगमावरचा

नाही बसत. पाणी सोडून दोनच दिवस झालेत. आडवेच ठेवतो.

---

पाना_पक्कड

कलंडलेला म्हणालात, तर सस्पेन्शनकडे लक्ष द्या. या गाडीला टॉर्शन बार, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या सळया; प्रत्येक चाकाचा हात वेगवेगळा वरखाली होतो. एक बाजू खचली की त्या बाजूची चाकं वर दबलेली आणि दुसऱ्या बाजूची खाली लोंबलेली हवीत. किटमध्ये सगळे हात एका रेषेत चिकटवलेत की रणगाडा कलला तरी चाकं सपाट रस्त्यावर असल्यासारखी दिसतात. आधी बेसवर माती घाला, ती ओली असताना गाडी दाबून ठसा घ्या, आणि मग हात चिकटवा.

रुतलेला पट्टा गर्रकन फिरतो, त्यामुळे त्याच्या मागे चिखलाचा ढीग साठतो आणि पुढे खळगा. उलटं करू नका.

---

खर्जातला_सा (मिरज)

उशिरा आलो. अँटेनाला काय वापरताय? किटमधली प्लॅस्टिकची काडी खांबासारखी जाड दिसते. आमच्या गल्लीत सतारीच्या तारांची कात्रणं रोज केरात जातात. बाजाची पोलादी तार घ्या, साधारण ०.३ मिमी, १:३५ मध्ये सेंटिमीटरभर जाडीची अँटेना. सरळ राहते आणि बोटाने वाकवली तरी परत उभी होते. टो केबलला (रणगाडा ओढायच्या दोराला) मात्र ती चालणार नाही, पीळ धरत नाही. त्यासाठी जुन्या वायरमधले तांब्याचे तंतू ड्रिलच्या तोंडात धरून पिळा, मग गॅसवर लाल करून सोडा. मऊ होतात आणि चिखलात टाकल्यावर खऱ्या दोरासारखे पडतात.

---

संगमावरचा

वा! केबल पुढच्या हुकाला अडकवून चिखलात सोडलेली दाखवायचीच होती, ओढून काढायचा प्रयत्न करून सोडून दिल्यासारखी. प्लॅस्टिकची करून बघितली तर ती हवेतच उभी राहत होती.

तारा ठेवा बाजूला, शनिवारी दुपारी मिरजेत काम आहे, येतो घ्यायला. आणि सध्या रंगवलेले पतंगाचे कागद घरभर वाळत पडलेत, पंखा लावायची बंदी आहे. फोटो पट्टा बसवल्यावर टाकतो.

---

काडीपेटी

एम-४८चं किट घेतलंय मी पण. ए३च निघालं 🤦 त्यात काय काय बदलावं लागेल ते इथेच विचारू की नवा धागा काढू?

---

पाना_पक्कड

नवा धागा काढा. मागचा सगळा डेक बदलावा लागेल, तिथेच पन्नास प्रतिसाद होतील.